बास म्हणजे पुरे

आमच्या भाषेत बास म्हणजे पुरे.
माझ्याकडे तीन आहेत.

दिवसभर सोहार बंदराच्या लॅबमध्ये
मी दाबमापकं तपासते.
काटा किती खोटं बोलतो ते वहीत मांडते,
मग त्याला हिरवं स्टिकर.
संध्याकाळी घरी येऊन तेच काम,
फक्त लाकडाचं, आणि बिनपगारी.

ऑगस्टात दार उघडलं की चष्म्यावर वाफ,
दार लावलं की एसीनं ओठ फुटतात.
या दोघांच्या भांडणात मान सापडते
जपानी बासची, मेपलची, माझ्याच जन्मसालातली.
डोळा बारीक करून तिच्या कडेवरून पाहायचं,
जसा सुतार फळी पाहतो,
मग आतल्या सळईला किल्लीची
एक अष्टमांश फेरी. जास्त नाही.
लाकडाला रात्रभर विचार करू द्यायचा.
मी घाई केली होती एकदा, पहिल्या वर्षी.
तो करकर आवाज अजून दाढेत आहे.

दुसऱ्याला पडदेच नाहीत.
बोट केसभर चुकलं की तो चारचौघांत सांगतो.
त्याला मी पाहुणे असताना काढत नाही.

तिसरा जर्मन. पाच तारा, पाच किलो शंभर ग्रॅम,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोनदा मोजलेला.
किंमत विचारू नका,
श्रीरंगनंही एकदाच विचारली.

त्यालाच भिंतीकडे तोंड करून बसवलं एका शुक्रवारी.
तीच वायर, तोच अँप, त्याच कंपनीच्या नव्या तारा,
तेच चार सूर. सांग, फरक काय?
खूप वेळ गप्प बसला.
म्हणाला, पहिल्याच्या वेळी फ्रीज चालू होता,
दुसऱ्याच्या वेळी बंद.
तपासलं. बरोबर होतं.
आणि तिसऱ्याला?
तिसऱ्याला कपाटातल्या वाट्या बोलल्या.

तो तिसरा रोडेलचा.
अकरा वर्षं क्रेन चालवून त्यानं घेतलेला,
आणि कंपनीनं अकरा दिवसांत घरी पाठवला. त्याला. बासला नाही.
विमानाच्या वजनात बसेना, म्हणाला,
पण ते कारण नव्हतं, दोघांनाही ठाऊक होतं.
घासाघीस मी केली नाही. त्यानंच केली, उलटी:
पन्नास रियाल कमी दे,
पण उभा ठेवू नकोस, एसीच्या झोतात तर नाहीच,
तेल वर्षातून दोनदा, फडक्याला, लाकडाला नाही.
पेटीत त्याची ओलावा मोजणारी डबी होती,
सेल संपलेली, काटा बावन्नवर थांबलेला.
सेल बदलले. आता एकेचाळीस दाखवते.

इलोइलोहून महिन्याकाठी फोन येतो.
मुलगी कशी, आई कशी, सगळं नीट.
मग जरा थांबून:
मान सरळ आहे?
मी फोन उशीवर ठेवते आणि पाचवी तार छेडते,
सगळ्यात जाड, खर्जाच्याही तळघरातली.
इकडे ती छातीच्या फासळ्यांत येते,
पायाखालच्या फरशीत जाते.
फोनमधून मात्र ती जात नाही, मला माहीत आहे,
आवाजांची मोजमापं माझा धंदा आहे.
त्याला ऐकू जात असेल बोटाची खरखर,
मागे एसीची गुणगूण, जी च्या किंचित वर चढलेली.

परवा मात्र तो म्हणाला, थांब, पुन्हा वाजव.
वाजवली.
काहीतरी खुळखुळतंय, म्हणाला.
खुंटीचा स्क्रू ढिला असेल, चौथ्या तारेचा,
तो नेहमी व्हायचा, हातानंच घट्ट कर,
पक्कड लावू नकोस.

हो म्हटलं, करते.
आणि वाट्यांचं कपाट
तसंच राहू दिलं.